दगडातला पाहुणा

हॅलो? … हॅलो! अगं, कितीदा लावायचा फोन? उचलत का नव्हतीस? … मेकअप? मरू दे तो मेकअप! स्टेजवर गेली नाहीस ना अजून? … हुश्श.

अगं ऐक ना. आकाशातून पडलेल्या त्या दगडात आपल्याला जीव सापडला, हे आज जाहीर करू नकोस. … नाही, डोकं ठिकाणावर आहे माझं! लॅबमध्येच आहे. आत्ता रिपोर्ट आला. … हो, हो, तोच. लॅबमधल्या सगळ्यांच्या हातांवरचे जंतू घेतले होते ना, ताडून बघायला? … हो गं, तुझाच हट्ट होता तो.

दगडातल्या जंतूशी जुळलाय एक. … तंतोतंत. परग्रहावरचा पाहुणा कसला, घरचाच निघाला! … कोणाच्या हातावरचा काय… बसलीयस ना तू? … तुझ्या.

… ओरडू नकोस, ऐक.

मशीन नाही चुकलं. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. … हातमोजा? … काढला होतास? कधी? … अगं पण कशाला! … 'थंड लागतोय का बघायचं होतं'? वेडाबाई, थर्मामीटर होता की बाजूला! … हो… हो, ते वेगळं. कळतंय मला. पृथ्वीहून जुना दगड, आणि समोर असा हाताशी… रडू नकोस. मलाही रडू येतं मग.

काय? … नाही. रिपोर्ट नाही पुसणार मी. … माहितीये, काकू पहिल्या रांगेत बसल्यात लेकीचं कौतुक बघायला. त्या शोधावर माझंही नाव आहे, माझं काय कमी जाणार आहे? … कोणाला कळणार नाही म्हणे! कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? … चिड. कॉलेजपासून चिडतेयस माझ्यावर, सवय आहे.

बोलावतायत? … जा. फोन चालू ठेव, खिशात टाक. मी आहे.

… अगं, 'शुभ सकाळ' काय, संध्याकाळ झालीय! … हं… पुढे… पाणी नंतर पी, आधी बोल ना गं… 'माझ्याच हाताचा'… बोललीस! बोललीस गं बाई! … केवढा हा गलका! सगळे एकदम काय विचारतायत? … अहो, तिला बोलू तरी द्या!

खाली ये आता. ऐकू येतंय का? … काकूंना घे आणि मागच्या दाराशी थांब, मी निघालेच. चपला घालतेय. एकटी घरी जायचं नाही… कोण रडतंय गं? तू की काकू? … हॅलो? … हॅलो?