निदान सिम तरी

चार्जर बदलायला आलेले टपालवाले काका मोबाइलच्या दुकानात रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे माय-लेकी.

“कपड्यांबरोबर बादलीत भिजला. आईने न बघता टाकला.”

“ओढणीत गुंडाळून ठेवलेलास. मला काय स्वप्न पडलं होतं?”

“ताई, बटण दाबू नका, आतलं जळेल. उघडून सुकवतो. उद्या या.”

“उद्या? अहो, नोकरीचा फोन आत्ता येणारे! मी नाही उचलला तर पुढच्याला घेतील.”

“मग सिम काढून देतो, दुसऱ्या फोनमध्ये घाला. काकूंचा आहे ना?”

“आई, दे लवकर.”

“माझा घरी राहिला.”

“आई! नेमका आजच?”

“आता माझा जीव नको काढूस. एवढ्या लांब, परक्या गावात, एकटीने राहायचं. नाही मिळाली नोकरी तर नाही मिळाली.”

‘माझा घ्या’ म्हणावं म्हणून काकांनी खिशात हात घातला, तेवढ्यात रिंग वाजू लागली. काकांनी आपला फोन पाहिला. तो गप्पच होता. दुकानदाराने स्वतःचा पाहिला. तोही गप्प.

“आई.”

“काय गं?”

“तुझी पिशवी वाजतेय.”