इंजिनाची पाठराखीण

यात एक अक्षर खोटं असेल तर हा चहा मला लागू नये. दुष्काळाच्या आदल्या साली आमच्या साखर कारखान्याचं, रुळावरून उसाच्या वाघिणी ओढणारं जुनं वाफेचं इंजिन दुरुस्तीला पुण्याला निघालं. ट्रेलरवर चढवून बघतो, तर आत ड्रायव्हर तात्या. बायको गेल्यापासून ते इंजिनातच जेवायचे.

साहेब ओरडले, "तात्या, उतरा! खाली रूळ नाहीत, ड्रायव्हर कशाला?"

"डायवर न्हाई सायेब, पाठराखीन म्हनून चाललोय. पोर पहिल्यांदाच घर सोडतीय."

आम्ही इतके हसलो, की पार बेलापूरची कुत्री भुंकली. साहेबही हसले. "बरं, जा. परत कधी येणार?"

"न्यायला घरचं मानूस आलं की. माजं तर कुनीच न्हाई. तवा सायेब, तुमीच या."