सासूबाईंची नथ आणि एक झाकण

...अन् वरतून मलाच म्हणतात, "विनता, तू उगाच घाबरून राहिली!" उगाच? तुम्हाला सांगते, ज्या दिवशी ती सफरचंदाच्या सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आमच्या घमापुरच्या घरात शिरली ना, त्या दिवसापासून माझा उजवा डोळा जो लवून राहिला, तो थांबायचं नावच घेत नव्हता! आमचे हे, चिंतामणीराव, जन्मभर रिछाईच्या कारखान्यात माल पास-नापास करत होते. रिटायर झाले. आता नापास करायला कारखाना नाही, मग मी आहे! दिवसभर हातात मोबाइल, अन् त्या मोबाइलात एक बुवा, आवाज असा की लोणी, "दोस्तों, बस एक ढक्कन!" की लगेच यांचं सुरू, "विनता, फक्त एक झाकण!"

सकाळी उठलं की पाण्यात एक झाकण. दात असे आंबले माझे, की मऊ पोळी चावताना अंगावर काटा! केस गळतात? एक झाकण. गुडघा दुखतो? फडकं भिजवून बांध. मोरी तुंबली? आधी सोडा, वरून सिरका, अन् मोरी अशी फसफसली, की आतून कोणी बाहेर येतं की काय म्हणून मी हातात झाडू धरून उभी! फरशीला तेच, आरशाला तेच, यांच्या पायांच्या वासाला टबात तेच... पायाचा वास गेला हो, खोटं कशाला बोलू, पण त्याच्या जागी जो आला तो पडद्यांत बसला, उशीत बसला, देवघरात बसला! शेजारच्या तिवारीभाभी भिंतीवरून डोकावतात, "भाभीजी, अचार बिगड़ गया क्या?" काय सांगणार? म्हटलं, हो भाभी, पूरा बिगड़ गया.

अन् एक दिवस ओट्यावरच्या मुंग्या गेल्या. गेल्या म्हणजे, रांग लावून, आपापलं सामान घेऊन, खिडकीतून बाहेर! हे टाळ्या वाजवतात, "बघ! फक्त एक झाकण!" मी मात्र शेवटची मुंगी जाईपर्यंत बघून राहिले. मुंग्यांना आधी समजतं हो. घरात काही व्हायचं असलं की त्या थांबत नाहीत. मीच थांबले. मी कुठे जाणार?

अन् तेवढ्यात फोन आला. पुष्पाताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, नागपूरहून. "वहिनी, आमच्या प्रणोतीचं लग्न ठरलं. आईची नथ न्यायला येते मी. सांभाळून आहे ना?"

आता ही नथ म्हणजे काय ते ऐका. सासूबाईंच्या सासूबाईंची. बसऱ्याचे मोती, मध्ये लाल खडा, अन् या घरातली प्रत्येक मुलगी अन् प्रत्येक सून ती घालूनच बोहल्यावर उभी राहिलेली. सासूबाईंनी जाताना ती पोटच्या पोरीच्या हातात नाही दिली, माझ्या दिली. "विनता, तू सांभाळशील." झालं! तेव्हापासून पुष्पाताईंचा कुठलाही फोन असो, कोणी जन्मलं असो की कोणी गेलं असो, शेवटी एकच प्रश्न, "नथ सांभाळून आहे ना, वहिनी?" आहे म्हणताना माझी मान कशी ताठ व्हायची! या घरात माझ्यावर कोणी विश्वास टाकला याचा तेवढाच एक पुरावा होता हो माझ्याजवळ, कापसात गुंडाळून कपाटात ठेवलेला.

फोन ठेवला, अन् हे कसे हसले! गालातल्या गालात. म्हटलं, "काहून हसून राहिले?" "काही नाही." अन् हे 'काही नाही' म्हणाले ना, की घरात काहीतरी झालेलंच असतं! दुसऱ्या दिवशी बघते तर फळीवर, डब्यांच्या मागे, एक स्टीलची वाटी. वर ताटली झाकलेली. म्हटलं, "हे काय?" "हात लावू नको! पुष्पा आली की कळेल, खुश होशील." मी वाटीला कान लावला... आतून आवाज. सुंssss... असा, बारीक, कोणी दातओठ खाऊन राहिल्यासारखा! विचारलं तर म्हणतात, "मळ निघून राहिला." कशाचा मळ? बोलायला तयार नाहीत! रोज वाटीतलं जुनं काढतात, जपून एका बाटलीत भरतात, नवं ओततात. "अहो, फेकून द्या ना ते!" "फेकू? त्यात सोन्याचा अंश उतरला आहे, विनता!"

सोन्याचा? माझ्या घरात सोनं ते किती, अन् वाटीत मावेल असं ते कोणतं, हे मला त्याच क्षणी समजायला पाहिजे होतं की नाही? पण नाही समजलं! डोकंच चालत नव्हतं, त्या वासानं मेंदूला झिणझिण्या आल्या होत्या!

चलो. पुष्पाताई आल्या. सोफ्यावर बसल्या अन् छातीवर हात, "दादा, रस्त्यात भजी खाल्ली, अशी जळजळ होऊन राहिली!" मी म्हटलं थंड दूध आणते, पण हे कुठे ऐकतात? हे ग्लास घेऊन हजर! मी नथ काढायला कपाट उघडलं. डबी होती, कापूस होता... नथ नव्हती. तेव्हा ती वाटी आठवली! धडपडत स्वयंपाकघरात, फळी, डबे, ताटली उचलली... सोन्याची तार. लाल खडा. अन् बुडाशी पांढरट सालासारखं काहीतरी साचून राहिलेलं. मोती? एक नाही हो! एक नाही! सगळे त्या सिरक्यात विरघळले! सासूबाईंचा आवाज कानात, "तू सांभाळशील," अन् मी ती ओली तार हातात घेऊन रडूसुद्धा शकले नाही. ती बाटली शोधली, जिच्यात हे रोजचं जपून भरायचे... ती ओट्यावर, उघडी. अर्धी रिकामी!

धावले बाहेर. उशीर! पुष्पाताईंनी ग्लास खाली ठेवून पदरानं ओठ पुसले, अन् चेहरा असा शांत, मी जन्मात बघितला नव्हता. "वहिनी, जळजळ गेली गं! इतक्या डॉक्टरांना जमलं नाही ते! दादा, काय होतं त्यात?"

हे छाती फुगवून, "फक्त एक झाकण!"

"वा! बरं वहिनी, आता आईची नथ आण, घेऊनच जाते."

काय करणार? मूठ उघडली. म्हटलं, ताई, मोती तर तुम्ही घेतलेच, ही तार तेवढी राहिली, ती पर्समध्ये ठेवा.