नाण्यांचा वारस

नाण्यांचा विषय काढलात म्हणून सांगतो. माझ्यामागे माझा संग्रह विखरू नये, एवढीच माझी इच्छा. मुलाला विचारलं, तर म्हणाला, "बाबा, फोटो काढून ठेवू. जागा लागत नाही."

मग बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"अजी, कायले चिंता करून राहिले? म्हाताऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेत लाह्यांसंगं पैसे उधळतेतच आपल्याकडे. तुमच्या वेळी हेच उधळू."

"अगं, त्यात राणीछाप चांदीचे रुपये आहेत! लोक वेचून नेतील."

"नेऊ द्या. तेवढ्यासाठी तरी गर्दी होईन."

तेव्हापासून मी रोज पहाटे शेजारच्या फुलचूर गावापर्यंत चालत जाऊन येतो. संग्रह एकत्र ठेवायचा आता तेवढाच उपाय उरला आहे.