ताईंना सांगायचं कसं

—नाही नाही, तू आधी बस अश्विन, तुझं काय ते नंतर. एचआरमध्ये नवीन आहेस ना, ऐकून ठेव, कामाला येईल. सातपूरचं युनिट बंद, सगळी लाइन सिन्नरला — हे सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगता येतं होय? साहेब म्हणाले, चैतालीताई, नोटीस लावून टाका. मी म्हटलं, नोटीस राहू द्या, मी त्यांची सुपरवायझर, माझी माणसं आहेत, मी सांगते. आता सुलाबाई — ती लगेच घाबरते. तिला आधी म्हटलं, तुझी नोकरी शाबूत आहे, मग बाकीचं. तरी देवळाली कॅम्पहून रोज सिन्नर कसं गाठू म्हणाली. त्या पोराचं, संघर्षचं, उलट! त्याला गोड बोललेलं खपत नाही. सरळ सांगितलं, तर ओरडला, "आम्हाला विचारलं का कुणी?" — ओरडू दिलं. शांत झाल्यावर तोच म्हणाला, कंपनीची बस देवळाली कॅम्पवरून न्या, सुलाबाईची सोय होईल. बघ! आणि गोजराबाई... ती नुसती "बरं" म्हणाली. "बरं" म्हणणाऱ्यांचीच मला भीती वाटते. मागोमाग गेले, तर बेसिनचा नळ सोडून रडत होती. सासू अंथरुणाला खिळलेली, दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन भरवून येते ती. सिन्नरहून कशी येणार? सोडतेय काम. तिला नाही समजावू शकले मी — समजावायचं तरी काय?

तू सारखा दाराकडे काय बघतोस? चेहरा का असा... साहेबांनी पाठवलंय ना तुला? माझ्याकडे? अरे, सिन्नरला सुपरवायझर आधीच आहे, मला काय माहीत नाही? पण वाटलं, इतकं सगळं सांभाळून दिलं तर... जाऊ दे. काय म्हणाले साहेब? "ताईंना सरळ सांगून टाक, त्या खंबीर आहेत" — असंच ना? नुसती मान हलवू नकोस. मी खंबीर आहे हे ठरवलं कुणी? घरी अजून एक शब्द बोललेले नाही मी. आई विचारते, तुझं काय गं? मी म्हणते, माझं काय, मीच तर सगळ्यांना घेऊन जाणारे. रोज म्हणते! आणि आता तू — नाही, बोलूच नकोस. तू बोललास की खरं होईल ते. उद्या सांग. उद्या सकाळी ये, मी — ऊठ. ऊठ ना अश्विन. जा.