धुऱ्यावरचा डबा

कोकिळा : किल्ली मांगू नको. गाडी बाभळीखाली उभी राहीन अन् किल्ली माह्या कमरेले. आधी सांग, कोणत्या हापिसातून आला?

आसिम : कोणत्याच ऑफिसातून नाही, मावशी. मी मलकापूरचा. आसिम नाव माझं. जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसतो.

कोकिळा : जिनिंग तं आता बंद हाय.

आसिम : म्हणूनच फिरतोय. कापूस येईपर्यंत आम्हाला काम नसतं.

कोकिळा : अन् तो येऊच नये म्हून माह्या धुऱ्यावरचे दगडं उचकून राह्यला. खिसे दाखव. पानं खुडली का?

आसिम : कशाची पानं?

कोकिळा : पऱ्हाटीची, ह्या कपाशीची. एवढा साधा नको बनू. नदीपल्याडच्या गावात कृषी खात्याचं पथक आलं तेही असंच. जमिनीकडे कमी अन् फोनकडे जास्त पाहत होते. पानं पिशवीत घालून नेली अन् मंग नोटीस आली. उभं पीक उपटाले लावलं.

आसिम : हे बघा खिसे. रुमाल आहे, पेट्रोलची पावती आहे. मी फक्त बांधावरचा हा डबा बघायला आलो होतो. तो माझाच आहे.

कोकिळा : डबा तुहा, वावर माहं. उघड. इकडे नको आणू, तिथंच उघड.

आसिम : बघा ना. पेन्सिल. कागद. किल्लीची साखळी, काचेची गोटी, एक कवडी.

कोकिळा : कवडी काऊन?

आसिम : घरात पडली होती.

कोकिळा : कोणाच्या घरात कवडी पडून राह्यते बे? करणी करून राह्यला का माह्या वावरात?

आसिम : अम्मीच्या शिवणाच्या डब्यातली आहे, मावशी. तिला विचारा फोन लावून. खेळ आहे हा. जिओकॅशिंग म्हणतात. माझा मामेभाऊ फहीम पुण्यात खेळतो, त्यानं शिकवलं. एक डबा लपवायचा. ती जागा इंटरनेटवर नकाशात टाकायची. लोक फोन बघत बघत शोधायला येतात. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहितात, एखादी वस्तू घेतात, एक ठेवतात आणि डबा परत होता तसा लपवतात.

कोकिळा : मंग?

आसिम : मग काही नाही. घरी जातात.

कोकिळा : त्यासाठी पेट्रोल जाळतात?

आसिम : मोकळ्या हवेत फिरणं होतं. नवीन जागा बघायला मिळतात.

कोकिळा : इथं पाहाले काय हाय? चिखल हाय. साप हाय. मी हाव.

आसिम : आपल्या भागात नकाशा रिकामा होता हो. म्हटलं, पहिला डबा आपला असावा. हा माझा पहिलाच आहे.

कोकिळा : अन् तो माह्याच वावरात सुचला तुले. इतकं रान पडलं हाय, मोताळ्याकडे डोंगर हाय. न विचारता घुसला.

आसिम : विचारलं होतं. तो नियमच आहे. परवानगी घेतली असं तिथं लिहावं लागतं, नाहीतर ते डबा मंजूर करत नाहीत. मी मालकाला विचारूनच ठेवला.

कोकिळा : कोणत्या मालकाले?

आसिम : या शेताच्या. ते इथंच धुऱ्यावर उभे होते. पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी म्हटलं, काका, हे शेत कोणाचं? ते म्हणाले, माहंच हाय, ठेव काय ठेवाचं ते.

कोकिळा : माहंच हाय म्हटलं?

आसिम : हो. चहा पण पाजला.

कोकिळा : तो तुळशीराम. माहा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. बाजूचं वावर त्याचं. हे माहं हाय, माह्या नावावर हाय. आमच्या घरचे पुण्याले वॉचमन हायेत, म्हून त्याले वाटते इथं कोणी नाही.

आसिम : मला कसं कळणार, मावशी? शेतावर पाटी थोडीच असते.

कोकिळा : तोंड असते ना. एकाले इचारलं, दुसऱ्याले इचाराचं. मी तिकडे वाकून उभीच असते दिवसभर. वाच आता, त्या इंटरनेटवर काय लिहिलं हाय ते.

आसिम : जास्त काही नाही. ‘मलकापूरहून यायला चांगला रस्ता. पिंपळगाव राजाच्या पुढे कच्च्या वाटेनं आत. पावसात गाडी बाभळीपाशी ठेवावी.’ आणि मग खूण.

कोकिळा : कोणती खूण?

आसिम : ‘आजूबाजूच्या शेतांत गुडघ्याएवढं गवत आहे. एकाच शेतात गवताची काडी नाही, सगळं जळालेलं, आणि कपाशी हिरवीगार. त्याच्या धुऱ्यावर दगडांत शोधा.’

कोकिळा : अजून एक डाव वाच.

आसिम : चुकलं का काही?

कोकिळा : तू रोज कापसात बसतो ना?

आसिम : गाठी मोजतो. रुईच्या. शेतातलं मला काही कळत नाही.

कोकिळा : तं आईक. ज्या फवाऱ्यानं गवत मरते, त्यानं पऱ्हाटीही मरते. ही नाही मरत. हे बियाणं वेगळं हाय, बिनाबिलाचं, सरकारनं पास नाही केलेलं. मांगच्या साली गुलाबी अळीनं बोंडं खाल्ली अन् निंदाच्या बायांची मजुरी अंगावर राह्यली. औंदा मी हे लावलं. गावात अर्ध्याईनं लावलं. पण अर्ध्याईनं ते नकाशावर नाही टाकलं.

आसिम : खरंच माहीत नव्हतं.

कोकिळा : पथकवाले हेच पाह्यत हिंडतात. गवत मेलं अन् पऱ्हाटी उभी, हे कुठं हाय. तू पत्ता लिहून देला. रस्ता बी सांगतला, गाडी कुठं ठेवाची ते बी. हे गवताचं तुले सुचलं?

आसिम : नाही. मी आंब्याचं झाड लिहिणार होतो.

कोकिळा : मंग कोणाले सुचलं?

आसिम : ते बघा, काकाच येताहेत. त्यांनाच विचारा.

(तुळशीराम धुऱ्यावरून येतो.)

तुळशीराम : काय वं कोकिळे, पोट्ट्याले काऊन अडवून ठेवलं? बाभळीखाली गाडी पाह्यली, म्हटलं पाव्हणे आले वाट्टे.

कोकिळा : तुमचेच पाव्हणे, भाऊजी. तुम्ही चहा पाजला म्हणे.

तुळशीराम : आलेल्या माणसाले चहा पाजाचा नाही का? आता त्याची बी परवानगी घ्या लागते तुह्यी?

कोकिळा : चहाची नाही. वावराची.

तुळशीराम : माह्या बापानं कमावलेलं वावर हाय हे. तू माहेराहून नाही आणलं.

कोकिळा : वाटणी तुमच्याच बापानं केली. विहिरीवालं तुम्ही घेतलं, मोठे म्हून. कोरडं आमच्याकडे आलं. तवा नाही म्हटलं, हे बी माहंच. अन् ह्याले गवताचं काऊन लिहाले लावलं?

तुळशीराम : मी काही नाही लावलं. पोट्ट्यानं पाह्यलं, पोट्ट्यानं लिहिलं. मले ते फोनमधलं वाचता तरी येते का?

आसिम : काका, तुम्हीच म्हणालात. आंबा लिहू नको, आंबे सगळीकडे असतात. गवत नसलेलं वावर लिही, आंधळ्यालाही सापडेल. मग तुम्ही मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं.

तुळशीराम : तू चूप रे. घरच्या बोलण्यात बाहेरचा माणूस.

कोकिळा : घरच्या बोलण्यात तुम्हीच आणला त्याले. पथकाले फोन लावला असता तं नाव निघालं असतं. गावात तोंड दाखवाची चोरी झाली असती. म्हून हा सापडला तुम्हाले.

तुळशीराम : लय हुशार झाली. भाऊ माहा पुण्यात लोकाईचे दरवाजे उघडते अन् बंद करते, अन् त्याची बायको इथं वकिली करून राह्यली.

कोकिळा : दरवाजे उघडतात, पण चोरून कोणाच्या घरात नाही जात. पऱ्हाटी उपटली गेली की मी वावर तुम्हाले ठोक्यानं कसाले देईन, हेच होतं ना मनात? पोळा आला की तुम्ही हेच मांगता. मी दरसाली नाही म्हणते.

तुळशीराम : ठोक्यानं देल्लं असतं तं सुखात राह्यली असती. बाईमाणसाचं काम हाय का हे? दिवसभर चिखलात, पाठीले पंप.

कोकिळा : माह्या पाठीची काळजी तुम्ही नका करू.

आसिम : मावशी, मी आत्ताच्या आत्ता ते पान काढून टाकतो. इथं बोट लावलं की गेलं.

कोकिळा : थांब. कोणी पाह्यलं का ते?

आसिम : एका माणसानं. अकोल्याचा आहे. तो परवा येऊन गेला.

कोकिळा : इथं? मले तं कोणी दिसलं नाही.

आसिम : त्याला डबा सापडलाच नाही. म्हणून तर मी आज आलो, डबा जागेवर आहे की गेला ते बघायला.

तुळशीराम : पाह्य. आता भोग आपल्या कर्माची फळं. मी काही केलं नाही.

कोकिळा : काय लिहिलं त्यानं? वाच.

आसिम : ‘डबा सापडला नाही. नकाशावरचा ठिपका बरोबर विहिरीवर येतो. विहिरीच्या चारही बाजूंनी शोधलं. पण फेरी वाया गेली नाही. विहिरीभोवतीच्या शेतात गवत पार जळालेलं आणि कपाशी मात्र टवटवीत. ही कोणती जात? फोटो काढले आहेत. रविवारी कृषी खात्यातल्या मित्राला घेऊन पुन्हा येतो.’

कोकिळा : विहिरीपासून वाच परत.

आसिम : ‘विहिरीच्या चारही बाजूंनी...’

कोकिळा : माह्या वावरात विहीर नाही.

आसिम : नाही?

कोकिळा : पाह्य ना चौफेर. दिसते कुठं?

तुळशीराम : फोटो दाखव. इकडे आण तो फोन.

आसिम : हा घ्या. मोटार आहे, निळा पाइप आहे, बाजेवर धोतर वाळत घातलंय.

कोकिळा : धोतर तुमचंच हाय, भाऊजी. दुकानात तं बिल दाखवत होते सगळ्याईले, मी सरकारी पासचं बियाणं लावतो म्हून. रस्त्याच्या बाजूनं गवत ठेवलं अन् आतून फवारलं. एकाच माणसाच्या थैलीतून घेतलं ना आपण?

तुळशीराम : ठिपका विहिरीवर गेलाच कसा बे?

आसिम : धुऱ्यावर रेंज नव्हती, काका. तुमच्या विहिरीवर चहा पिताना रेंज आली, तिथंच ठिपका लावून टाकला. म्हटलं, एवढं अंतर चालत असेल. नवीन आहे मी.

तुळशीराम : नवीन आहे म्हणते. मिटव ते. सगळं मिटव.

आसिम : पान मिटेल. त्याचे फोटो त्याच्याकडेच राहतील. त्याला निरोप मात्र पाठवता येतो.

तुळशीराम : मंग पाठव. लिही, ते विहिरीवालं वावर तुळशीरामचं नाही.

आसिम : तुमचं नाव तो ओळखतही नाही. आणि मग कोणाचं लिहू?

तुळशीराम : हिचं लिही.

कोकिळा : मांगच्या हप्त्यात माहं वावर तुमचं होतं. आज तुमची विहीर बी माही झाली.

तुळशीराम : तू हास. उद्या रविवार हाय. त्या माणसाले माह्या विहिरीवरून तुह्या धुऱ्यावर याले किती वेळ लागते?

कोकिळा : मी नाही हासून राह्यली. मले मालूम हाय.

आसिम : नाव कोणाचंच नको. एवढंच लिहितो, ‘शेतमालकाची परवानगी घेतली नव्हती. चूक माझी. जागा रद्द केली आहे, कृपया कोणी येऊ नये.’ या खेळात परवानगी नाही म्हटलं की भले लोक येत नाहीत.

कोकिळा : अन् भला नसला तं?

आसिम : तर येईल, मावशी. मी खोटं कशाला सांगू?

तुळशीराम : लिहिलं का? पाठव मंग. वाट कायची पाह्यतो?

कोकिळा : नको पाठवू. हात बाजूले घे.

तुळशीराम : आता काय झालं तुले?

कोकिळा : मालकाची परवानगी नव्हती म्हून लिहून राह्यला तो. मालक कोण, ते सांगा त्याले. तुम्हीच सांगतलं होतं, तुम्हीच दुरुस्त करा.

तुळशीराम : ह्या मलकापूरच्या पोट्ट्याले सांगून काय होते?

कोकिळा : काही नाही होत. मले ऐकाचं हाय.

तुळशीराम : टाइम जाऊन राह्यला, कोकिळे.

कोकिळा : दोघाईचाही जाऊन राह्यला.

आसिम : काका, सांगून टाका ना. इथं रेंज येते-जाते, आत्ता आहे.

तुळशीराम : विहिरीवालं माहं हाय.

कोकिळा : अन् हे?

तुळशीराम : हे तिच्या नावावर हाय.

कोकिळा : कागदाचं नाही इचारलं.

तुळशीराम : हे तिचं हाय.

कोकिळा : पाठव आता.