उठला का तो?

दोष वेंकटराव काकांचा आहे, सर. ते आधी ऐकून घ्या आणि मग बाकीचं विचारा — नाही, आत नको, इथे ओट्यावरच बसा, आत ते पेपर वाचतायत. सख्खे काका, अप्पांचे थोरले भाऊ. अप्पा गेल्यापासून घर त्यांच्या शब्दावर चालतं, आणि शब्द त्यांच्याकडे भरपूर आहेत. तुम्ही आलात ते बरोबरच आहे. समोर भाड्याने राहायला येऊन तुम्हाला महिना नाही झाला, आणि रोज सकाळी तुमची कॉफी व्हायच्या आत एक बाई भिंत चाचपत गल्ली ओलांडून येते, हातात फोन देते आणि म्हणते, वाचा. आणि घरात तिचा धडधाकट मुलगा बसलेला असतो. तो मी. कार्तिक. मला वाचता येतं सर, इंजिनिअरिंग सोडलं म्हणजे अक्षरं सोडली असं नाही. विषय राहत गेले, अरिअर साचले, सोडलं. काका ते सगळ्या पाहुण्यांना कॉफीबरोबर वाढतात, तुम्हालाही वाढलं असेलच — वाढलं ना? बघा.

तुमच्याकडेच का येते, सांगतो. तुम्ही सरस्वती महालाच्या ग्रंथालयात जुने मोडी कागद वाचायला आलात म्हणून. आईने चौकशी केली होती. 'लिहिलंय तेवढंच वाचतात ना ते?' असं तिने शेजारच्या भुवना अक्काला विचारलं. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला नाही विचारलं.

तर काकांचं. क्रिसमसला — तुम्ही नाताळ म्हणता — आमच्याकडे युद्धाचे सिनेमे बघतात. हसू नका. आमचा सण नाही, पण सुट्टी सगळ्यांची ना, सहामाही परीक्षा संपते, कोइंबतूरहून, बेंगळुरूहून सगळी भावंडं येतात, समोरच्या गल्लीतले जोसेफ सर केक पाठवतात, आणि दुपारी जेवणं झाली की काका खिडक्यांवर चादरी लावायला सांगतात. टीव्ही त्यांचा, दरवाजाएवढा. सिनेमा त्यांच्या पसंतीचा, आणि पसंती एकच — गोळ्या चालल्या पाहिजेत. 'आपण तलवार घेऊन इथे आलेली माणसं!' जन्मभर वीज खात्यात खुर्चीवर बसले, खांबावर कधी चढले नाहीत, पण तलवार. तुम्हाला त्या कागदांत आमचं आडनाव सापडलं तर बघा हां, मला खात्री आहे आमचा पूर्वज सैन्याबरोबर भात शिजवायला आला होता. सापडलं तर मला एकट्याला सांगू नका, काकांना मोठ्याने वाचून दाखवा.

माझा भाऊ श्रीहर्ष सैन्यात गेला तो असाच, त्या टीव्हीसमोर बसून. काकांनी पेढे वाटले. स्वतःचा मुलगा त्यांनी बँकेत लावला — ते मात्र कोणी विचारायचं नाही.

आणि आईला दिसत नाही. काचबिंदू. उजेड कळतो, माणूस हलला तर कळतं, तोंड कळत नाही. पण हर्षा सैन्यात, म्हणून सैन्याचा सिनेमा लागला की तिला तिथे बसायचंच असतं, खांबाला टेकून, आणि तिच्या कानापाशी मी. इंग्रजी असो, हिंदी असो, रशियन असो, मी तिला आमच्या मराठीत सांगायचो. नुसतं सांगायचो नाही, आवाज काढायचो — कॅप्टनचा वेगळा, आचाऱ्याचा वेगळा. ती एकच गोष्ट विचारायची. कोणी ओरडलं, धप्प आवाज आला, की माझं मनगट धरायची — 'उठला का तो?' आणि मी म्हणायचो, उठला.

काय म्हणणार दुसरं? तुम्ही असता तर — बरोबर, तुम्ही वाचलं असतंत, मेला. तुमचं कामच ते.

मग मी त्यात तयार झालो, सर. क्रिसमसच्या आधी आठवडाभर मी सिनेमे निवडून ठेवायचो, काकांच्या पुढ्यात असे सरकवायचो की त्यांना वाटावं त्यांनीच निवडले. पाणबुडीचा सगळ्यात सोपा, सगळे बुडाले तरी नुसता पाण्याचा आवाज, म्हणायचं, वर आले, पोहतायत. कैदी पळून जातात तो पण चांगला, धावताना पडला काय, पोचला काय, पाय वाजले म्हणजे झालं. रणगाडे नकोत, फार किंचाळतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्यात कोणी मेलं की व्हायोलिन लागतं तो. आई तिरुवैयारुची, ते गाण्याचंच गाव, डोळे जाईपर्यंत मुलींना गाणं शिकवत होती, तंबोऱ्याची तार केसाएवढी उतरली तरी स्वयंपाकघरातून ओरडायची. व्हायोलिन तिला काय सांगत होतं ते मला सांगून खोडता येत नव्हतं. आता वाटतं, तिला कळत असेल. मग का विचारायची? — जाऊ दे.

माझा सगळ्यात आवडता कुठला, तर खेचराचा. एक पोरगा खेचरावरून डोंगरावर दारूगोळा नेतो, आणि जातो बिचारा, खेचरासकट. माझ्या सिनेमात तो घरी पोचला. चहाचं दुकान टाकलं. आई म्हणाली, आणि खेचर? मी म्हटलं, ते पण आहे, दुकानाच्या मागे बांधलंय, पेंढा खातंय. तिला इतकं बरं वाटलं सर — ती पुढच्या वर्षीही विचारत होती, तो दुकानवाला पोरगा परत दाखवतात का म्हणून.

या क्रिसमसला बर्फातला सिनेमा होता. मी सरकवलेला नव्हता, काकांचा स्वतःचा. आणि हर्षा पण आता बर्फातच आहे, वर कुठेतरी, जागा सांगत नाही. तर सिनेमात एक जण पडला. आईने मनगट धरलं. उठला का तो? मी म्हटलं, उठला, कोटावरचा बर्फ झाडतोय. आणि काकांनी सिनेमा थांबवला. 'कोण उठला? कुठे उठला? कनकलता, हा कार्टा तुला फसवतोय. मेला तो. पालथा पडलाय. शिपायाची आई आहेस तू, छाती पुढे काढून ऐकायचं, हा तुला कुक्कुलं बाळ समजतो!' आणि मग एकेक करून सांगितलं. पाणबुडीवाले मेले. कैदी मेले, कुंपणापाशीच. खेचरवाला पोरगा मेला. खेचर मेलं. बोटांवर मोजून सांगत होते, खुशीत, पत्ते उघडल्यासारखे. त्या माणसाला एवढं आनंदात मी हर्षाच्या पेढ्यांनंतर पाहिलं नव्हतं.

आणि नित्याने — काकांची नात, बेंगळुरूची — तिने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, 'दुकानाच्या मागे बांधलंय!' झालं. हसून फुटलेच सगळे. आत्या, भाऊजी, पोरं, सगळे.

त्यांना कसं माहीत, म्हणताय? खेचराचं? मी कानात सांगत होतो ना, हो... बरोबर आहे तुमचं. कानात सांगितलेलं नित्याला कसं माहीत.

मी सांगितलं होतं. आई आत झोपायला गेली की पोरं म्हणायची, कार्तिक, खेचराचं सांग ना, आईला काय सांगितलंस ते सांग ना. आणि मी उभा राहून करून दाखवायचो. माझा आवाज, तिचा आवाज. तिचं ते मनगट धरणं. दरवर्षी. फर्माईश असायची. काका सगळ्यात मोठ्याने हसायचे — म्हणजे त्यांना काही नवीन सापडलं नव्हतं त्या दिवशी, फक्त या वेळी ती खोलीत होती. अय्यो, असं बघू नका सर. त्या घरात माझं दुसरं काही कोण ऐकत होतं? कॉलेज सोडलेल्या माणसाला त्या हॉलमध्ये कुठे बसायचं तेसुद्धा सांगतात. ते केलं की मात्र सगळे माझ्याकडे बघायचे.

आणि त्या दिवशी मी पण हसलो. सगळ्यांबरोबर. थोडंसंच, नाकातून, ते आपोआप येतं, सवय. पण तिने माझं मनगट अजून धरलं होतं, आणि मी सांगितलं ना तुम्हाला, तिचा कान.

तिने मनगट सोडलं. म्हणाली, 'आणि हर्षा?' मी म्हटलं, हर्षा चांगला आहे आई, सकाळीच मेसेज आला, वाचला ना मी तुला. तिने हात पुढे केला. 'फोन दे.' दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुमच्या दारात उभी.

आता तुम्ही जे विचारायला आलात ते. वाचून झालं तरी ती जात नाही, उभी राहते आणि म्हणते, पुढे? आणि पुढे काही नसतं. हेच ना? मला खिडकीतून दिसतं. तुम्ही फोन उलटासुलटा करून बघता. नाहीच काही तिथे, बघू नका. हर्षा तेवढंच लिहितो. सेफ. ड्यूटी. नेटवर्क नाही. वाईट नाही तो, तसाच आहे, लहानपणीही कुणाला काही विचारायचा नाही. पण मी वाचायचो तेव्हा पुढे असायचं. 'आई, जेवलीस का? डोळ्यांत औषध घातलंस का? कार्तिकवर रागावू नकोस.' रोज एक. हर्षाच्या आवाजात. ती उत्तर द्यायची, 'जेवले रे,' असं फोनला. मग आत जाऊन खरंच जेवायची. ते वाक्य ती मागते तुमच्याकडे. तिला वाटत असेल, सगळं तर नसेल ना यानेच लिहिलेलं, एखादं तरी हर्षाचं असेल. म्हणून रोज येते.

मला एक विचारायचं होतं. म्हणून थांबवलं तुम्हाला इतका वेळ. उद्या वाचताना, शेवटी — एकच वाक्य, जेवलीस का, बस. तुमचा आवाज सरळ आहे, तुमच्यावर तिचा —

नको. मान हलवू नका, तुमच्या आधी मीच म्हणतोय, नको. तुम्ही एक शब्द जरी घातलात तरी तिला तो ऐकू येईल. मग ती कुणाकडे जाईल? अर्धी गल्ली काकांची आणि अर्धी भुवना अक्काची. लिहिलंय तेवढंच वाचा. ती पुढे म्हणाली की सांगा, संपलं. तेवढं मोठ्याने सांगा, मला पण ऐकू येऊ दे.

पोंगलला काकांनी परत एक लावला, युद्धाचाच. मला वाटलं ती येणार नाही. आली, खांबाला टेकून बसली. मी पण माझ्या जागेवर बसलो, हात जवळ ठेवून. कोणीतरी ओरडलं, धप्प आवाज झाला, मग व्हायोलिन. मी थांबलो. तिने हात पदराखाली घेतला आणि ऐकत राहिली, शेवटपर्यंत.

जा तुम्ही, सर. महाल उघडला असेल, कागद वाट बघत असतील. आणि इथे ओट्यावर बसून माझ्याशी बोललात हे तिला सांगू नका. नाहीतर सांगा. सेरी, बरं, काय वाटेल ते करा.

आई मला आता काही विचारत नाही.